घट्ट बांधा, मॅम

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पहिला पाय माझ्या टेबलावर येतो. चौदा-पंधरा नंबरच्या बुटाचा, पावडरीचा वास येणारा, अर्धवट झोपेतला पाय. पायाचा मालक तर पूर्णच झोपेत असतो. कानात गाणी, डोळे मिटलेले, हातात केळं. मी म्हणते, "बोटं नाकाकडे." तो डोळे न उघडताच पंजा वर ओढतो आणि घोटा काटकोनात येतो. तो तसाच राहायला हवा. पंजा खाली ढळला असताना पट्टी बांधली, तर मैदानावर पहिल्याच वळणाला ती सैल पडते आणि नाव माझ्या हाताचं खराब होतं.

आधी चिकटण्यासाठी फवारा. टाचेवर आणि पुढच्या वळीवर व्हॅसलीन लावलेले फोमचे दोन चौकोन, त्यावर पातळ फोमचा एक थर. मग दीड इंची पांढरी पट्टी. वर दोन वेढे, बाकीचं सगळं त्यांच्या भरवशावर. मग रिकीब: आतल्या बाजूने उतरायचं, टाचेखालून जायचं आणि बाहेरच्या बाजूने ओढून वर घ्यायचं. घोटा बहुतेक वेळा आत वळून मुरगळतो, म्हणून ओढ बाहेरची. मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे, टाचेला दोन्हीकडून कुलूप, आणि वरपासून खालपर्यंत बंद. कात्री नाही, पट्टी बोटांनीच फाडायची. एका घोट्याला दीड मिनिट. साडेसहापर्यंत चाळीसेक घोटे होतात. ऑगस्ट संपताना माझ्या दोन्ही अंगठ्यांना भेगा पडलेल्या असतात, आणि त्या भांडी घासताना कळतात.

मी अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियातल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाबरोबर असते. फुटबॉल म्हणजे त्यांचा: हेल्मेट, खांद्यांवर कवच आणि लंबगोल चेंडू. मिरजेत माझी आत्या सगळ्यांना सांगते, "आमची पोरगी तिकडं जिम चालवती." आजीला एकदा व्हिडिओ कॉलवर टेबल दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं शिकून पोरांचे पाय धरतीस व्हय गं?" मी म्हटलं, "हो आज्जी." दुसरं काय सांगणार?

खरी गोष्ट तर आजीला सांगितलीच नाही. ही पट्टी अर्ध्या तासाच्या पळापळीत बरीचशी ढिली पडते. हे आमच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. मग बांधायची कशाला? थोडा आधार मिळतो, आणि आपण कुठे आहोत याची घोट्याला थोडी आठवण राहते. माझ्यापुरतं कारण मात्र वेगळं आहे. ते दीड मिनिट तो पाय माझ्या हातात असतो. ऑगस्टच्या सराव-कॅम्पच्या तीन-चार आठवड्यांत पाय तेवढा खरं बोलतो. पायाचा मालक बोलेलच असं नाही.

कॅम्प सुरू होतो तेव्हा शंभरावर मुलं असतात. जागा बावीस: आक्रमणाच्या अकरा, बचावाच्या अकरा, वर लाथ मारणारे एक-दोघे. महिनाअखेरीच्या पहिल्या सामन्यापर्यंत पंचवीस सराव. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पुढचे काही दिवस हेल्मेट आणि खांद्यांचं कवच, त्यानंतर सगळा साज. शरीराला उन्हाची आणि वजनाची सवय व्हावी म्हणून हा नियम आहे. सगळा साज चढतो तो पहिला दिवस डोळे मिटूनही ओळखता येतो. तोवर मैदानावर शिट्ट्या आणि आरडाओरडा असतो. त्या दिवशी त्यात प्लास्टिकवर प्लास्टिक आपटल्याचा आवाज मिसळतो, आणि तो महिनाभर थांबत नाही.

माझा पहिला कॅम्प २०१६ सालचा. तेव्हा दिवसातून दोनदा अंगाला अंग भिडवणारा सराव चालत असे. २०१७ पासून एनसीएएने, म्हणजे विद्यापीठांच्या खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेने, तो बंद केला, २०२१ मध्ये पूर्ण साजातले सराव नऊवर आणले. जुन्या वळणाच्या प्रशिक्षकांना हे मऊपणाचं वाटलं. त्यांचं दैवत म्हणजे जुने प्रशिक्षक बेअर ब्रायंट. १९५४ साली त्यांनी टेक्सास ए अँड एमची पोरं जंक्शन नावाच्या गावी नेली आणि दहा दिवस रणरणत्या उन्हात पिळून काढली. सरावात पाणीसुद्धा नाही. कितीतरी पोरं रात्रीतून पळून गेली. ही गोष्ट मी इथे किमान वीस वेळा ऐकली असेल, आणि दरवेळी सांगणाऱ्याचे डोळे चमकतात. त्या हंगामात तो संघ दहापैकी एकच सामना जिंकला, हे शेपूट मात्र कुणी जोडत नाही.

आमच्या मैदानाच्या कडेला आता बर्फाच्या पाण्याने भरलेला टब असतो. उन्हाने कुणी कोसळलं तर आधी टब, मग अ‍ॅम्ब्युलन्स, हा क्रम आम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी यायला हवा. २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला. त्याला असं थंड पाण्यात ठेवलं गेलं नाही. पंधरा दिवसांनी तो गेला. वय एकोणीस. तेव्हापासून टब भरताना कोणी बर्फ मोजत नाही.

पण मला सांगायचं आहे ते 'किंवा'बद्दल.

संघाचा एक तक्ता असतो, डेप्थ चार्ट. प्रत्येक जागेखाली नावांची उतरंड: पहिला, दुसरा, तिसरा. जिथे प्रशिक्षकाचं मन ठरलेलं नसतं तिथे दोन नावांमध्ये 'किंवा' छापतात. बाहेर भाषणात सगळे सांगतात की प्रत्येक जागेसाठी चुरस आहे. ते खरं नसतं. माझ्या अंदाजाने बावीसपैकी पंधरा-सोळा जागा वसंतातल्या सरावातच ठरलेल्या असतात. 'किंवा' असतो पाच-सहा ठिकाणी, आणि सगळा कॅम्प त्या पाच-सहा शब्दांभोवती फिरतो. तक्ता लागला की मुलं त्याच्याकडे न बघता बघतात. पाणी प्यायला जाताना मान जराशी वळते, एवढंच.

या शब्दाचा महिमा देशाने २०१८ मध्ये पाहिला. अलाबामा विद्यापीठाचा जेलन हर्ट्स दोन वर्षं पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, होता. जानेवारीत अटलांटाला राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात मध्यंतराला त्याला बसवलं, नवख्या टुआ टागोवायलोआला आणलं, आणि टुआने सामना फिरवला. ऑगस्टभर दोघांची झुंज चालली. प्रशिक्षक निक सेबन यांनी पहिल्या सामन्यापर्यंत नाव जाहीर केलं नाही; मग टुआ पहिला झाला. डिसेंबरच्या एक तारखेला त्याच अटलांटात, त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर चौथ्या सत्रात टुआचा घोटा गेला आणि हर्ट्स आत आला. ३५-२८, अलाबामा. प्रतिस्पर्धी जॉर्जिया होता, त्यामुळे आमच्या राज्यात त्या दोन्ही रात्री सुतक होतं. डिसेंबरच्या त्या संध्याकाळी मी सहकाऱ्यांबरोबर टीव्हीसमोर होते. लोक हर्ट्सच्या चिकाटीवर बोलत होते. आमच्या कोचावरची चारही माणसं एकाच वेळी म्हणाली, "घोटा."

घोट्यावर जागा जाते, हे पोरांना आमच्याइतकंच माहीत असतं. म्हणून ती खोटं बोलतात. ज्याचं नाव 'किंवा'च्या डावीउजवीकडे आहे तो दुखणं लपवतो. ज्याला यंदा काही मिळणार नाही हे कळून चुकलंय, तो कधीकधी आहे त्यापेक्षा जास्त लंगडतो, आणि त्याच्यावर मला राग येत नाही. डोक्याच्या माराचं तर विचारूच नका. हंगामाआधी मेंदूची एक मूळ चाचणी घेतात, नंतर मार बसला तर तुलना करायला. काही बहाद्दर ती चाचणी मुद्दाम वाईट देतात, म्हणजे पुढे फरक दिसायला नको. सहा विद्यापीठांच्या संघांचा पाच हंगामांचा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला: मेंदूला धक्का बसण्याचे जवळजवळ निम्मे प्रकार याच कॅम्पच्या दिवसांतले. हंगामाच्या मानाने कॅम्प केवढासा, आणि निम्मे!

पाय काय सांगतो ते ऐकताना मला मिरज आठवते. तिथे शाळेला जाताना वाटेत सतारी करणाऱ्यांची दुकानं लागायची. घोडीची जवारी लावताना कारागीर कानस एकदा फिरवायचा, तार छेडायचा, मान तिरपी करून ऐकत बसायचा, पुन्हा एकदा कानस. घासणं थोडं, ऐकणं फार. मला तेव्हा वाटायचं, हा माणूस कामचुकार आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. बचावाच्या शेवटच्या फळीतली एक जागा, सेफ्टीची. दोन नावं, मध्ये 'किंवा'. एकाला थोरला म्हणते, दुसऱ्याला धाकटा. थोरला तिसऱ्या वर्षाचा. पुढचा मुलगा पदवी घेऊन जाईपर्यंत दोन वर्षं वाट बघत बसलेला. धाकटा आदल्याच वर्षी आलेला, वाऱ्यासारखा पळणारा, कुठे पळायचं ते अजून शिकत असलेला. दोघेही माझ्याच टेबलावर पट्टी बांधून घेत. पोरांना टेबल बदललेलं आवडत नाही; आपल्याकडे न्हावी बदलत नाहीत तसंच.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी थोरला शेजारच्या टेबलावर गेला. मी काही बोलले नाही. बुधवारीही गेला. गुरुवारी मी दारातच उभी राहिले आणि त्याला नावाने हाक मारली. दक्षिणेतली पोरं; ज्या बाईला मॅम म्हणायचं, तिला नाही म्हणायची त्यांना शिकवण नसते. तो येऊन बसला.

"बोटं नाकाकडे."

पंजा वर आला, पण क्षणभर उशिरा. आणि शेवटचा अर्धा इंच आलाच नाही.

"घट्ट बांधा, मॅम. आज जरा जास्त घट्ट."

मी पट्टीचं भेंडोळं बाजूला ठेवलं. पोटरीच्या मध्यावर दोन्ही तळवे दोन बाजूंनी लावले आणि नडगीचं हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड एकमेकांकडे दाबलं. साधा मुरगळलेला घोटा असेल तर याने काही होत नाही. दोन हाडांना खाली बांधून ठेवणारे बंध दुखावले असतील, तर दाबावं वर आणि कळ यावी खाली घोट्याच्या वर. त्याचा चेहरा दगडासारखा होता. शाबासच म्हणायची. हातातलं केळं मात्र सालीतून बाहेर येऊन त्याच्या मांडीवर पडलं.

दोघेही त्या केळ्याकडे बघत राहिलो.

"शनिवारपर्यंत," तो म्हणाला. "फक्त शनिवारपर्यंत, मॅम." शनिवारी आपापसातला मोठा सराव सामना होता, पंचांसकट. त्यावरच जागा ठरायची.

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, आणि मानलंही होतं. २०१७ मध्ये, मी अजून मदतनीस असताना, एका लाइनमनच्या मांडीच्या मागच्या स्नायूबद्दल. त्याचं दुखणं मी कागदावर 'किरकोळ' लिहिलं. शनिवारी तो स्नायू फाटला. त्याचा हंगाम गेला, आणि 'किरकोळ' हा शब्द कोणाच्या अक्षरातला होता हे कोणी मला विचारलंही नाही. न विचारल्याचंच जास्त लागलं.

रोज सकाळी मी मुख्य प्रशिक्षकांना एक कागद देते. त्यावर तीन रकाने: पूर्ण, मर्यादित, बाहेर. मोठ्या विद्यापीठांमध्ये २०१६ पासून नियम आहे की या कागदावर प्रशिक्षकाला फेरफार करता येत नाही. नियम चांगला आहे. पण कागद हातातून हातात देताना समोरचा माणूस जे दोन सेकंद गप्प राहतो, त्यावर नियम नाही. मी थोरल्याचं नाव तिसऱ्या रकान्यात लिहिलं. ते दोन सेकंद गेले. "किती दिवस?" मी म्हटलं, "आठवड्यांत मोजावं लागेल." चार आठवडे लागले.

शनिवारी धाकट्याने दोन चेंडू हवेतून हिसकावले. पुढच्या तक्त्यात 'किंवा' नव्हता.

बरोबर केलं का मी? पुस्तकाप्रमाणे शंभर टक्के. त्या घोट्याने तो शनिवारी नीट पळू शकला नसता, हेही जवळजवळ नक्की. पण 'जवळजवळ' म्हणताना जीभ अडखळते. तो मुलगा त्या हंगामात माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मात्र बरा होऊन परतल्यावर तो माझ्याच टेबलावर यायचा, रोज. मी तोंड उघडायच्या आत पंजा काटकोनात आणून ठेवायचा आणि छताकडे बघायचा. मी दीड मिनिटात पट्टी बांधायची. दोन्ही पाय, तीन मिनिटं. तेवढ्या वेळाची इतकी लांबी मी दुसरीकडे कुठे अनुभवलेली नाही. हिवाळ्यात त्याने विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, ट्रान्सफर पोर्टलमध्ये, नाव टाकलं आणि दुसऱ्या राज्यात निघून गेला. आता कुठेतरी दुसरं कुणीतरी त्याला "बोटं नाकाकडे" म्हणत असेल.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये धाकटा धाकटा राहिला नव्हता. दाढी आली होती, मान जाड झाली होती, आणि त्याच्या मागे एक नवा पोरगा उभा होता, वाऱ्यासारखा पळणारा. तक्त्यावर त्यांच्यामध्ये 'किंवा' परत छापला गेला होता. दहाव्या सरावाच्या सकाळी तो टेबलावर येऊन बसला. कानात गाणी नव्हती. केळंही नव्हतं.

"बोटं नाकाकडे."

पंजा वर आला, क्षणभर उशिरा.

"आज जरा घट्ट बांधा, मॅम."

मी भेंडोळं बाजूला ठेवलं आणि त्याच्या पोटरीच्या दोन्ही बाजूंना तळवे लावले. शेजारचं टेबल रिकामं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या गुरुवारी तो तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेला होता, हे मला तेव्हा आठवलं.

"त्यालाही तुम्ही इथंच धरलं होतं, ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं आणि दाबायला सुरुवात केली.