पगारी इमान

गणेशपुरीत परदेशी माणसाचे कुणाला नवल वाटत नाही. तानसेकाठची गरम पाण्याची कुंडे आणि नित्यानंदांची समाधी यांच्या ओढीने दूरदूरची माणसे येथे येतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मराठी दौलतीत येणारा गोरा माणूस मात्र बहुधा पगारासाठी येई. अँटनी पोलमन हा त्यांतलाच एक.

पोलमन जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. इंग्लंडचा राजा हाच हॅनोव्हरचाही अधिपती असल्याने तिथल्या पलटणी ईस्ट इंडिया कंपनीच्या दिमतीला मद्रासकडे आल्या होत्या. त्यांतल्या एकीत पोलमन सार्जंट होता. ती चाकरी सोडून तो शिंद्यांच्या कवायती फौजेत शिरला. मराठी फौज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घोडा उभा राहतो. पण केवळ घोडदळावर यापुढे भागणार नाही हे महादजींनी ओळखले होते. त्यांनी द बॉइनकरवी पायदळाचे कंपू उभारले. १७९५ मध्ये द बॉइनने चाकरी सोडली, पेराँ आला आणि पुढे एका कंपूची सरदारी पोलमनकडे गेली. साधा सार्जंट हजारोंचा सेनापती झाला.

आमच्या शेजारचे वज्रेश्वरीचे किल्ल्यासारखे देऊळ चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई-विजयाची आठवण सांगते. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि त्यातून युद्ध पेटले. शिंद्यांची नोकरी सोडणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांना कंपनीने तनख्याचे आमिष दाखवले. अनेक जण गेले. खुद्द पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईला, पोलमन मात्र आपल्या जागी होता. वेलस्ली अनपेक्षित उताराने नदी ओलांडून बगलेवर आला, तेव्हा पोलमनने आपली सारी फळी काटकोनात वळवून त्याच्यासमोर उभी केली. अशी शिस्त इंग्रजांना अपेक्षित नव्हती. त्यांचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. दौलतराव आणि रघूजी भोसले मात्र लढाईचा निकाल लागण्यापूर्वीच रणातून निघून गेले होते. पुढे पोलमन कंपनीच्याच नोकरीत दिसतो.

अशा माणसाला आपण चटकन ‘भाडोत्री’ म्हणतो. मराठी शिकवणाऱ्याला शब्दांची झडती घेण्याची खोडच असते. म्हणून विचारावेसे वाटते, की या शब्दाचा दोष भाड्याने आलेल्याच्या माथी का बसतो, भाड्याने ठेवणाऱ्याच्या का नाही? उमेदीची काही वर्षे मीही एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काढली आहेत. दर जूनमध्ये नवा अर्ज, सुटीत वेतन नाही, आणि वर्षभर ‘संस्थेवर निष्ठा ठेवा’ हा उपदेश. त्यामुळे पोलमनकडे पाहताना मला फितुरी दिसत नाही. पगाराने विकत घेता येते तेवढे इमान त्याने चोख दिले. त्यापलीकडचे इमान दौलतीने रुजवायला हवे होते. कवायत आपण घेतली. ती शिकवणारे, पुढे नेणारे आपले अधिकारी मात्र घडवले नाहीत. विद्या उसनी राहिली, म्हणून विद्यावानही उसनेच राहिले.

तरी त्या दिवशी पगारापलीकडचे काही घडलेच. इंग्रज तोफांची रांग ओलांडून पुढे गेले, तेव्हा मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले, त्यांनी त्याच तोफा उलट फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. धनी निघून गेले होते. हे गोलंदाजही पगारीच. पोलमनचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे, वेलस्ली तर पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव मला कुठे वाचायला मिळालेले नाही. इमान या शब्दाचा अर्थ वर्गात सांगायची वेळ आली, तर मी उदाहरण त्यांचेच देतो.