पौडच्या रस्त्याने, ऐकत ऐकत

चांदणी चौक मागे पडला की पौड रस्ता भूगाव, भुकूम करत पिरंगुटला येतो. तिथवर पुणंच पसरलेलं आहे: गृहप्रकल्पांचे फलक, गोदामं, कारखान्यांच्या बसगाड्या. घोटवडे फाटा ओलांडल्यावर डोंगर जवळ सरकतात, भाताची खाचरं दिसू लागतात आणि मुळशी तालुक्याचं ठिकाण असलेलं पौड येतं. या वाटेने जाताना माझ्या मनात एक प्रश्न असतो. परदेशातून सेवेसाठी आलेला वादक गावच्या कलामेळाव्यात आपलं वाद्य वाजवतो, तेव्हा गावाला नेमकं काय मिळतं? मुळशीत हा प्रश्न कल्पनेतला नाही. खुबवलीच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथे अनेक देशांची मुलं राहून शिकतात आणि कला व समाजसेवा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या या वसाहतीत परदेशी स्वयंसेवक येऊन राहतात. अशा पाहुण्यांत कुणी गाणारं-वाजवणारं निघालं, तर त्याला मंचावर बोलावणं ओघानेच येतं. माझं म्हणणं असं आहे की त्याची खरी सेवा मंचावर चढण्याच्या आधी सुरू होते, ऐकण्यातून. आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा मुळशीच्याच वाड्यावस्त्यांत आहे.

हा पुरावा जात्यावरच्या ओवीचा आहे. समाजशास्त्रज्ञ गी पॉइटवँ फ्रान्समधून आले आणि पुण्यात कायमचे स्थायिक झाले. हेमा राईरकर यांच्याबरोबर ते मुळशीच्या डोंगरी गावांत फिरू लागले ते संगीतासाठी नव्हे, गरीब शेतकरी बायकांच्या संघटनेसाठी. 'गरीब डोंगरी संघटना' त्यातूनच उभी राहिली. बैठकांतून बायका बोलत्या झाल्या, आणि त्यांचं बोलणं ओवीतून सर्वांत मोकळं होतं हे या दोघांच्या ध्यानात आलं. माहेर, सासुरवास, भाऊ, लेक, विठ्ठल, सीतेचा वनवास आणि पुढे बाबासाहेब, सगळं त्या ओव्यांत होतं. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. तबल्याच्या बोलांसाठी संगणकप्रणाली घडवण्यात त्यांचा आधीच वाटा होता. तरीही इथे त्यांनी स्वतःची कला मांडली नाही. त्यांनी ध्वनिमुद्रण केलं, शंभराहून अधिक तासांचं. आज या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, हजाराहून जास्त गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या. २०१७ पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हे संकेतस्थळ त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करत आहे. त्यांत नांदगावच्या कुसुम सोनवणे आहेत, लवार्ड्याच्या जाई साखळे आहेत, कोळवड्याच्या ताराबाई उभे आहेत. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे, आणि हे नाव नोंदणं मला ध्वनिमुद्रणाइतकंच मोलाचं वाटतं. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावरही क्वचितच लागतं, ती तिथे कर्ती म्हणून उभी आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: ऐकणं हा अभ्यासकाचा धर्म, वादकाचा धर्म वाजवणं. खेड्यातल्या मुलांनी चेलो किंवा क्लॅरिनेट डोळ्यांसमोर ऐकलं तर त्यात वाईट काय? वाईट काहीच नाही, उलट ते व्हायलाच हवं. आपली पेटी फ्रान्समधून आली. हार्मोनियमचं पेटंट अलेक्सांद्र दबँ यांनी पॅरिसमध्ये १८४२ साली घेतलं. आज तिच्याशिवाय मुळशीतल्या भजनी मंडळाचं पान हलत नाही. पण ती एका संध्याकाळच्या कार्यक्रमाने आपली झाली नाही. इथल्या माणसांनी तिला जमिनीवर बसवलं, पायाचा भाता हाताला दिला, गळ्यामागे चालायला शिकवलं. पेटी रुळली ती इथल्या गाण्याच्या अटींवर, आणि पाहुण्या वादकाकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. सप्ताहातलं भजन पाहा. गाणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे अशी रेघ तिथे फारशी नसते. टाळ हाती आला की माणूस रांगेत उभा राहतो आणि पखवाजाच्या ठेक्यावर पावली धरतो. ज्या गावात संगीताची ही रीत आहे, तिथे समोर खुर्च्या मांडून ऐकवलेलं वादन कितीही सुरेल असलं तरी दुरूनच राहतं. तोच वादक आठवडाभर भजनाच्या मागच्या रांगेत बसला, तर मेळाव्यात त्याचं वाद्य कुठे शिरू शकतं आणि कुठे थांबायला हवं, हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बाहेरच्यांनी येऊन गाणी गोळा करणं हेही एक प्रकारचं घेऊन जाणंच नाही का? मुळशीला हा संशय घेण्याचा पुरेपूर अधिकार आहे. पौडहून पुढे गेलं की धरणाचं पाणी दिसतं. टाटांच्या त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी गावं आणि भातखाचरं पाण्याखाली गेलीच. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरलं आणि वीज मुंबईला गेली. पुढे विजेवरची गिरणी गावोगाव आली आणि जाती मुकी झाली. बायकांच्या हातांचे कष्ट वाचले, त्याचा आनंदच आहे. पण दळताना सुचणारी ओवीही ओसरली. या पार्श्वभूमीवर संग्रह करणाऱ्यांना मी एकच कसोटी लावतो: जे नेलं ते परत आलं का? इथे ते आलं. ओव्या मराठीतच, आवाजासकट, कुणालाही फुकट ऐकता येतील अशा ठेवल्या आहेत, आणि नोंदणीच्या कामात संघटनेतले स्थानिक कार्यकर्तेही होते. शिवाय बायका मायक्रोफोनसमोर बसून गायल्या ते स्वतःच्या इच्छेने, आपलं ऐकायला कुणीतरी आलं आहे म्हणून. जात्यावर पहाटेच्या अंधारात ऐकायला समोरच्या खुंट्याला हात लावलेल्या सोबतिणीखेरीज कुणी नसे.

पॉइटवँ २००४ मध्ये गेले आणि ओव्या मात्र गाणाऱ्यांच्या नावांनिशी राहिल्या. म्हणून शाळेचं संमेलन असो, संस्थेचा वर्धापनदिन असो की जत्रेतला कार्यक्रम, आयोजकांना माझी विनंती आहे. परदेशी पाहुण्याला जरूर बोलवा, त्याचं वाद्यही जरूर ऐका. पण कार्यक्रमाच्या दिवसाआधी त्याला गावातल्या एखाद्या ओवी गाणाऱ्या आजींकडे घेऊन जा, आणि पत्रिकेवर त्या आजींचं नाव त्याच्या नावाच्या आधी छापा.