बोनेरच्या किनाऱ्यावर पुन्हा एकदा

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, कॅरिबियन समुद्रात बोनेर हे छोटे डच बेट आहे. २०१९ मध्ये आम्ही तेथे प्रथम गेलो, तेव्हा फक्त मासे पाहून आलो. २०२४ मध्ये पुन्हा गेलो, तेव्हा माणसांचा इतिहासही पाहिला.

येथे बुडी मारायला होडी लागतेच असे नाही. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यांवर जागेचे नाव. पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचे! १९७९ पासून बेटाभोवतीचा समुद्र संरक्षित आहे. मिठाच्या धक्क्याच्या खांबांमधून माशांचे थवे फिरताना पाहून आम्ही देहभान विसरलो. मात्र २०२३ मध्ये प्रवाळांचा एक रोग येथे पोहोचला. मागे पाहिलेली काही प्रवाळे आता पांढरी, निर्जीव दिसली.

दक्षिणेला मिठागरांजवळ दगडी खोपटांच्या रांगा आहेत. १८५० च्या सुमारास गुलामांसाठी बांधलेल्या. दार जेमतेम कमरेएवढे. दिवसभर उन्हात मीठ काढायचे, रात्री येथे अंग टाकायचे. बायकापोरे दूर रिंकॉन गावी. आठवड्याअखेर तासन्‌तास पायपीट करून तिकडे जायचे. १८६३ मध्ये ही गुलामगिरी संपली.

मागच्या खेपेला ही खोपटी आम्ही मोटारीतूनच पाहिली होती. या वेळी उतरलो, वाकून आत शिरलो. ताठ उभे राहता येईना. बाहेर आल्यावर बराच वेळ कोणीच बोलले नाही.

वाचकहो, समुद्र जरूर पाहावा. पण ज्यांच्या घामावर तो किनारा वसला, त्यांच्या दाराशी थांबल्याशिवाय परतू नये.