बेगमी

पाऊस तोंडावर आला की आजी मिरजेच्या बाजारातून जवळा आणायची. उन्हात कडकडीत वाळलेला, गुलाबीसर, नखाएवढा. निवडून, कोरडाच परतून डब्यात भरायची आणि वर फडकं बांधायची. पापड-कुरडया, सांडग्यांच्या शेजारी तो डबा बसे. या सगळ्याला तिचा एकच शब्द होता, बेगमी. समुद्र मात्र तिनं कधी पाहिला नव्हता.

आमची कृष्णाच मुळी समुद्राकडे पाठ करून निघालेली. महाबळेश्वरहून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटर, पण ती वळते पूर्वेला, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. कोयना तिला कऱ्हाडला भेटते खरी, पण सगळी नाही. धरणातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जातं. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत. मिरजेच्या घाटाखालून गेलं असतं ते पाणी तिकडे काय करतं, हे मला फार उशिरा कळलं.

सह्याद्रीचा काळा पाषाण झिजवत आलेल्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. करंडक वनस्पती नावाचे सूक्ष्म प्लवक त्याच सिलिकेची काचेसारखी पेटी अंगाभोवती घडवतात. पावसाळ्यात खाडी गोडी होते, गढूळते, ऊन खाली पोचत नाही. मग आभाळ उघडतं. नद्यांनी आणलेलं आणि खोल पाण्यातून वर आलेलं खत तयारच असतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होत पाणी भरून जातं. खत संपत आलं की त्यांतल्या कित्येक जाती जाड कवचाचे बीजाणू होऊन तळाच्या चिखलात निजतात. त्यांना खाणारे काही इवले प्राणीही टणक अंडी घालून ठेवतात. अनुकूल दिवस येईपर्यंत ती तशीच पडून राहतात. हे वाचलं त्या दिवशी मला आजीचा डबा आठवला.

उन्हाळ्यात समुद्र निवांत आणि उपाशी असतो, तेव्हा वेगळीच मंडळी वर येते. ट्रायकोडेस्मियमचे तंतू हवेतला नत्र बांधून घेतात, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी करतात तसंच. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हे लगेच पटलं.

गुहागरला एका हिवाळी रात्री लाट फुटली आणि तिच्या कडेला निळा उजेड धावला. तो नॉक्टिल्युकाचा. करंडक वनस्पतींवर पोसलेला हा एकपेशीय जीव पाणी ढवळलं की उजळतो. ओल्या वाळूत पाय टाकला तर पावलाभोवतीही ठिणग्या. मी कितीतरी वेळ नुसतीच चालत राहिले. कोयनेचा एखादा थेंब या उजेडामागे असेल, असं वाटत होतं.

जवळाही याच वाहत्या गोतावळ्यातला. करंडक वनस्पती खाऊन वाढतो, थव्यानं किनाऱ्याशी येतो, जाळ्यात सापडतो, वाळतो आणि घाट चढून आमच्याकडे येतो.

यंदा मीही डबा भरला. आषाढात फडकं सोडलं तेव्हा कृष्णा घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, आणि स्वयंपाकघरभर खाऱ्या पाण्याचा वास पसरला.