बोनेटखालची ठिणगी

धर्मगुरूच्या हातांना कोणकोणते वास यावेत, याविषयी भाविकांच्या काही ठाम कल्पना असतात. धुपाचा वास चालतो, मेणाचा चालतो, अभ्यंगाच्या तेलाचा तर शोभूनच दिसतो. परंतु इंजिन ऑईलचा वास आला की समोरचा माणूस दचकतो. वर्षातून दोनदा, एखाद्या सोमवारी सकाळच्या मिस्सेनंतर, आम्ही चर्चच्या आवारात गाडीचे बोनेट उघडून बाह्या सरसावतो, तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण "फादर, गाडी बंद पडली का?" असे विचारल्यावाचून पुढे जात नाही. ती बंद पडू नये म्हणूनच हा उद्योग चालला आहे, असे उत्तर दिले की दुसरा प्रश्न ठरलेला: "मग मिस्त्रीला नाही का बोलवायचं? तुम्ही कशाला हात काळे करता?"

पहिल्या प्रश्नाने आम्हांला हसू येते. दुसऱ्याने मात्र आम्ही थोडे अस्वस्थ होतो. हा लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला जात आहे.

प्रथमच सांगून टाकावे की पैशाची बचत हे त्यामागचे कारण नाही. प्लग आणि फिल्टर बदलण्याची मजुरी अशी कितीशी असते! खरे कारण दुहेरी आहे. एक तर धर्मगुरूची गाडी ही निम्मी रात्रीची गाडी असते. पहाटे अडीच वाजता आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी निरोप येतो, तेव्हा कोणतेही गॅरेज उघडे नसते आणि मरणोन्मुख माणूस सकाळपर्यंत थांबेलच असे नाही. ज्या यंत्राच्या भरवशावर आपण अशा वेळी बाहेर पडतो, त्याच्या पोटात काय चालले आहे, हे ठाऊक असलेले बरे. दुसरे कारण निव्वळ कुतूहल. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कारण आणि कार्य यांची चर्चा आम्ही पुष्कळ केली. कारणाला बोटाने चाचपून पाहण्याचा आनंद मात्र आम्हांला बोनेटखालीच मिळाला.

आमची गाडी तीन सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी, लहानशी आहे. प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर एक प्लग असतो. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण आत दाबले गेले की या प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला पंचवीस ठिणग्या देत असतो. साध्या निकेलच्या प्लगचे आयुष्य साधारणपणे चाळीस हजार किलोमीटर धरतात. इंजिनाचे सरासरी दोन हजार फेरे आणि ताशी चाळीसचा वेग धरून आम्ही एकदा हिशेब मांडला, तेव्हा एका प्लगच्या वाट्याला सहा कोटी ठिणग्या आल्या. इतक्या ठिणग्यांनंतर त्याचे टोक झिजते, फट रुंदावते आणि ठिणगीला ती ओलांडणे जड जाऊ लागते. इरिडियमचे टोक असलेले महाग प्लग याच्या दुप्पट-अडीचपट टिकतात.

काम अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. इंजिन पूर्ण थंड असावे लागते. सिलिंडरचा माथा ॲल्युमिनियमचा असतो आणि तापलेल्या ॲल्युमिनियममधून प्लग फिरवून काढला तर आटे खराब होण्याची भीती असते. कॉइल उचलल्यावर प्लगच्या खोल विहिरीत साचलेली धूळ आधी फुंकून टाकावी, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग पहिल्यांदा पान्याने कधीही फिरवू नये. गोटीत धरून, नुसत्या बोटांच्या जोरावर, तो जिथवर सहज जाईल तिथवर जाऊ द्यावा. आटे सरळ बसले आहेत की तिरपे, हे बोटांनाच कळते. मग वॉशरच्या नव्या प्लगला पान्याने अर्धा ते पाऊण फेरा पुरतो. जोर दाखविण्याची हौस असलेल्या माणसाने या कामात पडू नये.

बाहेर काढलेला जुना प्लग टाकून देण्याआधी वाचावा. त्याचे टोक फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचे असेल तर त्या सिलिंडरचा संसार सुखाचा चालला आहे असे समजावे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडते आहे. टोक तेलकट, ओले असेल तर इंजिन ऑईल जळते आहे. पांढरेफटक आणि फोड आल्यासारखे असेल तर तो सिलिंडर तापतो आहे. तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर क्रमाने मांडून ठेवले की इंजिनाची सारी हकिगत समोर येते. प्रायश्चित्ताच्या आसनावर बसून माणसे ऐकण्याची सवय असलेल्या आम्हांला ही भाषा एकंदरीत सोपी वाटते, कारण प्लग काहीही लपवीत नाही.

आता कॉइल. हिच्यापाशी आम्हांला थोडे अधिक थांबायचे आहे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. तेवढ्याने प्लगच्या फटीत ठिणगी पडणे शक्य नाही. त्यासाठी वीस-तीस हजार व्होल्टचा दाब लागतो आणि तो निर्माण करते ही मूठभर कॉइल. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे, एवढीच तिची रचना. जाड तारेतून प्रवाह सोडायचा आणि तो एकाएकी तोडायचा. त्या तोडण्याच्या क्षणी गाभ्यातील चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेत प्रचंड दाब उसळतो. म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह सुरू केल्याने नव्हे, तोडल्याने.

ही युक्ती प्रथम कोणाच्या हातून साधली? वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की तो एक कॅथलिक धर्मगुरू होता आणि त्याची प्रयोगशाळा एका सेमिनरीत होती. फादर निकोलस कॅलन यांचा जन्म १७९९ साली आयर्लंडमध्ये झाला. १८२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. रोमला जाऊन त्यांनी ईशज्ञानातील डॉक्टरेट घेतली आणि १८२६ पासून ते मेनूथ येथील सेंट पॅट्रिक्स कॉलेजात निसर्गविज्ञान शिकवू लागले. मायकल फॅरडे यांनी १८३१ साली विद्युतप्रवर्तनाचे तत्त्व शोधले होते. त्याच्या आधारे कॅलन यांनी १८३६ साली लोखंडी गजाभोवती जाड आणि बारीक तारांचे वेढे गुंडाळून आपली कॉइल सिद्ध केली. प्रवाह भराभर जोडण्या-तोडण्यासाठी त्यांनी घड्याळाच्या यंत्रणेचा उपयोग केला. आज आमच्या गाडीत तेच काम ट्रान्झिस्टर करतो. एवढा दाब मोजणारी उपकरणे त्या काळी नव्हती, तेव्हा कॅलन विद्यार्थ्यांना झटका देऊन त्याची तीव्रता अजमावीत, अशी आठवण मेनूथमध्ये सांगतात. सेमिनरीत आम्ही सोसलेल्या परीक्षा त्यामानाने सौम्यच म्हणायच्या!

श्रेय मात्र दीर्घकाळ दुसऱ्याकडे राहिले. पॅरिसचे कुशल यंत्रकार हाइनरिश रूमकॉर्फ यांनी कॉइलमध्ये मोठी सुधारणा केली, ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनने त्यांना पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. त्याच वर्षी फादर कॅलन वारले. ईशज्ञानाला वाहिलेल्या त्यांच्या संस्थेत विज्ञान हा दुय्यम विषय होता. त्यामुळे घरच्यांनीही त्यांचे नाव फारसे जपले नाही. विसाव्या शतकात मेनूथच्याच एका प्राध्यापकाने जुनी कागदपत्रे तपासून त्यांचा मान त्यांना परत मिळवून दिला. याच कॅलन यांनी संत आल्फोन्स लिगोरी यांच्या पुष्कळ ग्रंथांचा इंग्रजी अनुवाद केला आहे. एकाच माणसाच्या मेजावर एका बाजूला आल्फोन्स लिगोरी आणि दुसऱ्या बाजूला तांब्याची तार! "तुम्ही कशाला हात काळे करता?" असे त्यांनाही कोणी विचारले असेल काय, असे आमच्या मनात येते.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री परतताना आमची गाडी मिस मारू लागली. इंजिन थरथरू लागले, पिकअप गेला, इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात आहे आणि तो महागडा भाग जळण्याचा धोका आहे. अशा वेळी गाडी दामटू नये. हळूहळू घर गाठले आणि सकाळी तपास केला. स्कॅनरने दोन नंबरच्या सिलिंडरकडे बोट दाखविले. परंतु दोष प्लगचा, कॉइलचा की आणखी कशाचा? येथे सेमिनरीतील तर्कशास्त्र कामी आले. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. एक आणि दोन नंबरच्या कॉइल आपसांत बदलल्या. दोष कॉइलबरोबर एक नंबरवर गेला. अर्थात गुन्हेगार कॉइलच. कनेक्टरची कळ दाबून तो सोडवायचा, दहा नंबरचा एक बोल्ट काढायचा, कॉइल किंचित फिरवून सरळ वर ओढायची. नवी बसवायला दहा मिनिटे लागली नाहीत. अंदाजाने तिन्ही बदलण्याची काहीच गरज नव्हती.

फिल्टरांविषयी थोडक्यात. एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. ती सारी एअर फिल्टरच्या कागदी घड्यांतून जाते. फिल्टर तुंबला की मायलेज घसरते, असे सर्रास सांगितले जाते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांबाबत ते खरे होते. आजच्या गाड्यांत आत येणाऱ्या हवेच्या मापानेच पेट्रोल सोडले जाते, म्हणून मायलेजवर फारसा परिणाम होत नाही. जातो तो पिकअप. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असणारा एसीचा फिल्टर हाताने काढता येतो आणि तो पाहिल्यावर आपण वर्षभर काय श्वासात घेत होतो, हे कळून माणूस गप्प होतो. ऑईल फिल्टर बसविताना त्याच्या रबरी कड्याला बोटभर नवे तेल लावावे आणि फिल्टर हातानेच आवळावा. जुने तेल मात्र कोठेही ओतू नये. आपल्या वसईच्या वाड्यांतील बावखले आधीच भरावाखाली जात आहेत. जी उरली आहेत त्यांच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की आम्हांला संताप येतो.

आता त्या अस्वस्थतेकडे वळतो. पॅरिशच्या कार्यालयात बसल्यावर सोयरिकीच्या गोष्टी कानांवर येतातच. मुलीची आई चौकशीला येते. "मुलगा देवभीरू आहे, फादर, दारूला शिवत नाही, घरही स्वतःचं आहे." इतके सांगून ती आवाज खाली आणते. "पण गॅरेजात आहे हो!" पुढचे वाक्य ती उच्चारत नाही. तेच हात, तीच नखे, तोच वास. असे स्थळ परत गेल्याचे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. दोन पिढ्यांपूर्वी आपले आजे-पणजे पानमळ्यांत आणि केळीच्या बागांत चिखलाने माखलेले असत. त्यांच्याच घामावर आपली घरे उभी राहिली, मुले शिकली, मुंबईची लोकल पकडू लागली. शिक्षण मिळाले हे उत्तमच झाले. त्याबरोबर हातांची लाज कोठून आली, हे आम्हांला उमगत नाही. १ मे हा श्रमिक संत योसेफचा सण पोप बाराव्या पायसनी १९५५ साली सुरू केला आणि तो आपण उत्साहाने साजरा करतो. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर विश्वपत्र लिहिले. ते स्वतः तरुणपणी क्राकूवच्या दगडखाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबले होते. सुताराच्या मुलापुढे गुडघे टेकणारी आपली माणसे मिस्त्रीच्या मुलाला जावई करून घ्यायला कचरतात! असो, हा प्रवचनाचा विषय आहे आणि आज सोमवार आहे.

आम्हांला हे काम ज्याने शिकविले, तो आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण. आयटीआय करून त्याने स्वतःचे गॅरेज काढले आहे. वयाने तो आमच्या मुलासारखा, पण गॅरेजात पाऊल टाकले की गुरू तो आणि शिष्य आम्ही. ब्रेक आणि स्टिअरिंग यांना आम्ही हात लावायचा नाही, अशी त्याची सक्त ताकीद आहे आणि ती आम्ही पाळतो. जुने तेल डब्यात भरून आम्ही त्याच्याकडे नेतो. ते परवानाधारक संकलकाला देण्यासाठी त्याने मागे एक पिंप ठेवले आहे. गेल्या खेपेस तेलाबरोबर तिन्ही जुने प्लग कागदात गुंडाळून नेले. हातातले काम बाजूला ठेवून त्याने एकेक उजेडात धरला. दोन नुसतेच पाहून परत ठेवले. तिसरा दोन बोटांत फिरवीत राहिला.

"फादर, हे बघा. टोक कोरडं आहे, पण आट्यांच्या वर तेल आहे. म्हणजे इंजिन ठीक आहे, विहिरीत वरून तेल उतरतंय. वॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग. आत्ताच सुरू झालंय. कॉइलच्या रबराला लागायच्या आधी बदलू. गुरुवारी दुपारी आणा."

"आणतो. पण बसवणार आम्ही, तू फक्त उभा राहा."

"बसवा की," तो फडक्याला हात पुसत म्हणाला, "पण टॉर्क रेंच माझा वापरायचा."