जाणाऱ्याचे शेवटचे काम

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात कोणतीही वस्तू एकदम मरत नाही. ती आधी म्हातारी होते, मग दुरुस्त होते, मग माळ्यावर जाते. आणि 'कधीतरी लागेल' या आशेवर तिथे पाचदहा वर्षे काढल्यानंतर एके दिवशी भंगारवाल्याच्या तागडीत जाऊन पडते. छत्रीच्या काड्या बदलतात, मिक्सरचे भांडे बदलते, पंख्याचा कंडेन्सर बदलतो. पंखा मात्र तोच. याला कोणी चिकटपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. वस्तूचा कोणता भाग थकला आहे आणि कोणता अजून धडधाकट आहे, हे ओळखायला डोळा लागतो, आणि तो डोळा आपल्या आयाआज्यांना उपजतच असे.

संगणकाला मात्र हा न्याय आपण लावत नाही. तो हळू चालू लागला, की 'आता नवाच घ्या' असा निकाल घरात एकमताने लागतो. आमच्या घरीही २०२५च्या श्रावणात तो लागला. आमचा संगणक २०१८ साली घेतलेला. माझ्या तासांच्या टाचणांपासून हाउसिंग सोसायटीच्या हिशेबापर्यंत सारे त्याने सात वर्षे निमूटपणे ओढले होते. पण मुलगी वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला गेली, आणि तिने काढलेल्या इमारती पडद्यावर उभ्या करताना तो धापा टाकू लागला. इमारत उभी राहीपर्यंत माझा चहा होऊन कपबशा विसळून होत. त्यातच भर म्हणजे, विंडोज १० या प्रणालीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार असे कंपनीने जाहीर केलेले, आणि पुढच्या विंडोज ११च्या मान्य यादीत आमच्या प्रोसेसरच्या पिढीचे नावच नव्हते. नव्या संगणकाचा खर्च विचारला, तर आकडा साठ हजारांच्या पुढे. मुलीची सहामाही फी तोंडावर होती. ह्यांनी पासबुक उघडले, पाहिले, आणि काही न बोलता पुन्हा कपाटात ठेवले. ते न बोलणे मला फार बोलके वाटले.

अशा वेळी माझा भाचा घरी आला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा मुलगा कोणत्याही घरी गेला की आधी पाणी मागत नाही, स्क्रू-ड्रायव्हर मागतो. संगणकाचे झाकण काढून त्याने आत डोकावले, फुंकर मारली, आणि म्हणाला, "मावशी, तुझा मदरबोर्ड ठणठणीत आहे. त्याला कशाला काढतेस? फक्त प्रोसेसर बदल."

मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सारे उभे असते तो फळा. प्रोसेसर हिशेब करतो, स्मृती लक्षात ठेवते, डिस्क साठवते. आणि मदरबोर्ड या सर्वांना एकमेकांशी बोलते ठेवतो. त्याचे स्वतःचे असे नाव कुणाच्या तोंडी नसते. ज्याने कुणी त्याला आईचे नाव दिले, त्याला घर कसे चालते ते नेमके ठाऊक असले पाहिजे.

पण जुन्या फळ्यावर नवा प्रोसेसर बसतो का? बहुतेक वेळा बसत नाही. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिची रचना कंपन्या दर दोनचार वर्षांनी बदलतात, आणि मग नव्या मेंदूसाठी सारे शरीरच नवे घ्यावे लागते. आमच्या नशिबाने आमच्या संगणकातली खोबण एएमडी कंपनीची 'एएम-४' ही होती. तिच्यात १३३१ बारीक छिद्रे असतात आणि प्रोसेसरच्या पोटाला तेवढेच नाजूक पाय. या खोबणीत बसणारे पहिले रायझन प्रोसेसर २०१७ साली आले, आणि २०२२ साली आलेले प्रोसेसरही त्याच छिद्रांत बसत होते. हा सारा कंपनीच्या मनाचा मोठेपणा होता असे मात्र नव्हे. २०२०च्या मे महिन्यात तिने सांगितले होते, की येणारी नवी पिढी आधीच्या बोर्डांवर चालणार नाही. लोकांनी इतकी कुरकुर केली की त्याच महिन्यात तिने काही बोर्डांपुरता तो निर्णय फिरवला. आणि आमच्यासारख्या सर्वांत जुन्या बोर्डांना २०२२ साली परवानगी मिळाली. ग्राहकांनी एका सुरात तक्रार केली, तर कधीकधी तिचा उपयोग होतो तो असा.

आमचा जुना प्रोसेसर रायझन ३ १२००. चार गाभ्यांचा, म्हणजे एका वेळी चार हातांनी काम करणारा. नवा ठरला रायझन ५ ५६००. त्याला गाभे सहा, आणि प्रत्येक गाभा दोन कामे एकदम हाताळणारा. वेगही वरचा. आणि गंमत अशी, की दोघांचीही विजेची भूक कागदोपत्री सारखीच, ६५ वॅटची. जेवण तेवढेच आणि काम दुपटीहून जास्त, असा गडी कोणत्या घराला नको असेल?

मी म्हटले, "मग उद्याच आण आणि बसव."

"तसं नाही चालत," भाचा म्हणाला. "आधी जुन्याला एक काम करावं लागेल."

आणि त्याने जे सांगितले, ते ऐकून मी थोडी थबकले. मदरबोर्डवर एका चिमुकल्या चिपेत 'बायोस' नावाची आज्ञावली कायमची लिहिलेली असते. बटण दाबल्याबरोबर सर्वांत आधी ती जागी होते, घरात कोण कोण आहे ते पाहते, आणि मग पुढचा कारभार सुरू करते. तिला कोणकोणते प्रोसेसर ओळखता येतात, हे तिच्यातच लिहिलेले असते. आमचा बोर्ड २०१८चा, नवा प्रोसेसर २०२२चा. तेव्हा त्याची ओळख तिच्यात असणार कुठून? तसाच बसवला असता तर पंखा फिरला असता, दिवा लागला असता, पण पडदा काळाच राहिला असता. पाहुणा दारात उभा, आणि घरात त्याला ओळखणारे कोणी नाही! म्हणून बायोस आधी नवी करावी लागते. आणि ती करायची तर संगणक चालू हवा, म्हणजेच जुना प्रोसेसर आपल्या जागी हवा. (काही महागड्या बोर्डांवर प्रोसेसरवाचूनही हे करण्याची सोय असते, आमच्यावर ती नव्हती.) ज्याला काढायचे, त्यानेच आपल्यामागून येणाऱ्याचे नाव घराच्या वहीत लिहून ठेवायचे, आणि मग जागा सोडायची.

पुढच्या शनिवारी भाचा आणि मुलगी डोंबिवलीहून निघाली, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरली, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या चार दुकानांत भाव करून प्रोसेसर घेऊन आली. पाटीवर त्या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण संगणकाचे सुटे भाग घेणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. प्रोसेसर दहा हजारांच्या आत बसला. पेटी आली ती सासूबाईंनी देवापुढे ठेवायला लावली. मुलगी हसली, पण तिने ती ठेवली.

रात्री नऊला बायोसचे काम निघाले. नवी आज्ञावली पेनड्राइव्हवर आणली होती. आमच्या बोर्डाला ती एकदम चालत नव्हती, मधली एक आवृत्ती आधी चढवून मग शेवटची, अशा दोन पायऱ्या होत्या. भाच्याने सर्वांना बजावले, "हे चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो." पावसाळ्यातली डोंबिवली आणि विजेचा भरवसा! शेजाऱ्यांकडून यूपीएस मागून आणला. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती, आणि आम्ही पाचजण, लग्नघटिकेला जमल्यासारखे, श्वास धरून उभे होतो. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, पंखा बंद करा, त्याला वीज कमी पडायला नको." कुणी हसले नाही. पंखाही बंद केला.

दोन्ही पायऱ्या पार पडल्या. संगणक पुन्हा चालू झाला तो जुन्याच प्रोसेसरवर. आता त्याला नव्याचे नाव ठाऊक होते. काही बोर्डांवर ही यादी ठेवायची चिप अवघी १६ मेगाबाइटची असल्याने, नव्यांची नावे लिहिण्यासाठी अगदी जुन्यांपैकी काहींची खोडावी लागली असे भाचा म्हणाला. आमच्या जुन्याचे नाव मात्र खोडलेले नव्हते.

मग त्याला उतरवणे. प्रोसेसर आणि वरचा पंखा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो. वर्षानुवर्षे तो वाळून चिकट होतो, आणि थंडपणी पंखा ओढला तर त्याबरोबर प्रोसेसरही उपटून येतो, पाय वाकतात. म्हणून यंत्र थोडा वेळ चालवून लेप मऊ करायचा, मग पंखा ओढायचा नाही, तर अलगद डावीउजवीकडे फिरवत सोडवायचा. नव्याच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो. तो खोबणीतल्या त्रिकोणाशी जुळवला की प्रोसेसर आपल्या वजनानेच आत बसतो. बोटाने दाबायचे नाही. जिथे दाबावे लागते तिथे काहीतरी चुकलेले असते.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पडद्यावर एक प्रश्न आला. त्याचा अर्थ असा, की नवा प्रोसेसर आलेला दिसतो; जुन्याच्या ताब्यात ज्या गुप्त किल्ल्या होत्या त्या पुसून टाकू का? डिस्क कुलूपबंद असेल तर या प्रश्नाला घाईने 'हो' म्हणणे अंगाशी येते. मग आपल्याच घराबाहेर आपण. भाच्याने ते आधीच तपासून ठेवले होते. त्याने 'हो' म्हटले, आणि संगणक सुरू झाला. मुलीची इमारत उभी राहिली तेव्हा माझ्या चहाला आधणही आले नव्हते.

सारेच नवे झाले असे मात्र नाही. बोर्डाच्या वाटा जुन्याच. नव्या प्रोसेसरला जितक्या वेगाने चित्राच्या कार्डाशी बोलता येते, तितक्या वेगाने आमच्या बोर्डाच्या तारा बोलू देत नाहीत. कार्डही जुनेच. घर जुने असले की काही उंबरे ठेचकाळतातच. पण फी भरली गेली, विंडोज ११ चढली, आणि पासबुक त्या महिन्यात पुन्हा उघडावे लागले नाही.

या साऱ्यात माझ्या मनात घोळत राहिले ते जुन्या प्रोसेसरचे ते शेवटचे काम. आपण सारे कधी ना कधी कुणाच्या तरी जागेवर येतो आणि कुणासाठी तरी जागा सोडतो. पण येणाऱ्याची ओळख घराला करून देऊन जाणारे किती? एका ग्रंथालयात मी काही वर्षांपूर्वी हस्तलिखिते पाहायला गेले होते. कपाट होते, किल्ली होती, पण कोणत्या बासनात काय आहे ते फक्त निवृत्त झालेल्या गृहस्थांना माहीत होते, आणि ते वारले होते. नोंदवही नव्हतीच. हस्तलिखिते तिथेच होती, आणि तरी ती हरवली होती. उलट आमच्या विभागाचे सर निवृत्त होण्याआधी दोन वर्षे मला बरोबर घेऊन हिंडले. कोणते पुस्तक कुठे मिळते, कोणता मुलगा कोणत्या गावाहून येतो म्हणून उशिरा पोचतो, हेसुद्धा त्यांनी सांगितले. आपल्या टिपणांच्या वह्या देताना म्हणाले, "बाई, समास रुंद सोडलाय. माझं चुकलं असेल तिथं लिहा." त्या समासांत मी आज वीस वर्षे लिहिते आहे. आता विभागात मी आणि तासिकेवर येणारी एक तरुण मुलगी, दोघीच उरलो आहोत. तिची जागा पक्की होईल की नाही, कुणास ठाऊक. पण या दिवाळीच्या सुटीआधी त्या वह्या मी तिच्या हातात दिल्या. समास अजून शिल्लक आहे.

आणि घरातही एक गोष्ट घडली. सासूबाई आता एकोणऐंशीच्या आहेत. त्यांच्या चकलीच्या भाजणीचे प्रमाण आजवर कुणी विचारले की उत्तर एकच, "हाताला कळतं." २०२५च्या दसऱ्यानंतर एके दुपारी त्यांनी मला आणि मुलीला स्वयंपाकघरात बोलावले आणि मुलीला वही आणायला सांगितले. "तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, गॅस बारीक. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी झालं तर दगड होते. किती ते लिहून कळायचं नाही. इकडे ये, हात लाव." त्यांचा थरथरता हात मुलीच्या हातावर होता आणि परातीतले पीठ दोघी मिळून मुठीत दाबून पाहत होत्या. मूठ उघडली, मुटका मोडला नाही. "हे एवढं," त्या म्हणाल्या.

मी विचारले, "आई, यंदाच का बरं?"

"माझा हात चालतोय तोवरच ना सांगता येणार," त्या म्हणाल्या.

आपण जाण्याविषयी बोलायला भितो, आणि सणासुदीला तर तो विषयच नको म्हणतो. मला वाटते, त्यात अशुभ काही नाही. यंत्राचा नियम सोपा आहे, आणि माणसालाही तोच लागू पडतो: जुना चालू आहे तोवरच नव्याची नोंद होते. एकदा तो बंद पडला, की मागून कितीही हुशार आला तरी घर त्याला ओळखत नाही. तेव्हा ज्याच्या जवळ जे असेल, एखादे प्रमाण, एखादी वही, एखाद्या कपाटाची यादी, ते त्याने वेळेवर सांगून टाकावे. आणि जागा सोडताना समास थोडा रुंद ठेवावा.