तीनचाकीचे पंक्चर

धुळ्यात ज्या रस्त्याला आपण आग्रा रोड म्हणतो, त्यालाच इंदूरची माणसे ए. बी. रोड म्हणतात. रस्ता एकच, आग्र्याहून मुंबईला जाणारा. तो धरून 2023 च्या डिसेंबरात आम्ही नऊ जण सायकलींवर इंदूरला गेलो. हौस तर होतीच, पण निमित्तही चांगले होते. ओळखीपाळखीच्या लोकांकडून वर्गणी जमवून अपंग मुलांना चार तीनचाकी सायकली घेऊन द्यायच्या होत्या. आमच्यातल्या एकाची मावशी इंदूरच्या राजेंद्र नगरात राहते. तिच्या घराजवळच्या एका छोट्या पुनर्वसन केंद्रात हा कार्यक्रम करायचा, असे ठरले.

पहिल्या दिवशी सावळद्याला तापी ओलांडली, शिरपूर मागे टाकले. पळासनेरनंतर मध्य प्रदेश लागला. बिजासनचा घाट चढून सेंधव्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी जुलवानिया, ठिकरी करत खलघाटच्या पुलावरून नर्मदामाईला हात जोडले. या टापूतून बडवानीकडे रस्ता फुटतो. तिथे जवळच कसरावदला, नर्मदेच्या काठी, बाबा आमटे 1990 पासून काही वर्षे राहिले होते.

सायकलवर बसून या वाटेने जाताना बाबांची आठवण येणारच. 24 डिसेंबर 1985 रोजी, साने गुरुजींच्या जयंतीला, त्यांची ‘भारत जोडो’ सायकल यात्रा कन्याकुमारीहून निघाली. शंभरावर तरुण-तरुणी सायकली चालवत होते आणि मणक्याच्या दुखण्यामुळे बसू न शकणारे बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर चालले होते. वरोऱ्याच्या आनंदवनात अपंगांना कामधंदा शिकवण्यासाठी जी संस्था उभी राहिली, तिचे नाव ‘संधिनिकेतन’. नावात कुठे दया नाही, संधी आहे. रात्री धामणोदच्या मुक्कामी या गोष्टी निघाल्या, माना डोलल्या आणि आम्ही झोपलो. त्या नावाचा खरा अर्थ कळायला आणखी एक दिवस जायचा होता.

तिसऱ्या दिवशी गुजरी ते मानपूरच्या चढाने सगळ्यांचा घाम काढला. महू, राऊ मागे पडले आणि दुपारी राजेंद्र नगर आले. महाराष्ट्राकडून येणाऱ्याला इंदूर शहराचे पहिले दर्शन इथेच होते. मराठी घरे पुष्कळ. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी माणूस रुजलेला, त्यामुळे परक्या गावी आल्यासारखे वाटतच नाही. मावशींच्या मराठीत तेवढी हिंदीची साखर. “थकून गेलात न तुम्ही? आधी पोहे-जिलबी घ्या, मग बाकीचं!”

पोहे खाऊन केंद्रावर गेलो. दोन खोल्या आणि एक पडवी. एका खोलीत भिंतीला मोठा आरसा, समोर दोन समांतर दांड्या. सात-आठ वर्षांची एक मुलगी कॅलिपर घालून, दांड्या धरून एकेक पाऊल टाकत होती. आठ पावले झाली आणि तिने आरशात बघून स्वतःलाच हसून दाखवले. आम्ही अडीचशे किलोमीटरच्या गप्पा मारत आत शिरलो होतो. त्या तिथेच थांबल्या.

व्यायाम घेणाऱ्या ताई म्हणाल्या, पूर्वी पोलिओची मुले यायची. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला. आता येतात ती बहुतेक सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हातपाय कडक झालेली. प्रत्येकाची गरज वेगळी. शिवाय मूल वाढते, तसे कॅलिपरही बदलावे लागतात.

मग आमचे लक्ष पडवीकडे गेले. तिथे पाच-सहा तीनचाकी सायकली एकमेकींवर रेलून धूळ खात पडल्या होत्या.

“या कुणाच्या?”

“आपल्याच मुलांच्या,” ताई म्हणाल्या. “वाटप होतं, फोटो होतात. पुढे पंक्चर झालं, चेन तुटली की इथे येऊन पडतात. दुरुस्तीला कोण नेणार?”

शेजारी एक आई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, “दादा, माझ्या मुलाला हाताने पेडल फिरवताच येत नाही. त्याला मानेला आधार असलेली खुर्ची हवी. पण वाटपात सायकलच होती, म्हणून घेतली. नाही कसं म्हणायचं?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या पिशवीत नवा कोरा बॅनर होता, त्यावर ‘तीनचाकी वाटप’ असे ठळक छापलेले. कुणाला काय हवे, हे आम्हीही विचारले नव्हते.

बॅनर पिशवीतच राहिला. पंक्चरचे सामान, पाने, तेल मात्र प्रत्येकाकडे होते. पडवीत बसकण मारली आणि संध्याकाळपर्यंत तीन सायकली चालत्या केल्या. गेले दोन महिने घरी बसलेला एक मुलगा हाताने पेडल फिरवत फाटकाबाहेर गेला. त्याची आई “हळू, हळू” म्हणत मागून धावली. तो काही थांबला नाही.

रात्री मावशींच्या घरून वर्गणीदारांना फोन केले. एक गृहस्थ नाराज झाले. त्यांना सायकलीवर वडिलांचे नाव घालायचे होते. त्यांचे पैसे परत केले. बाकीच्यांनी होकार दिला. त्यातून दोन मुलांना मापाच्या खुर्च्या झाल्या, आणि उरलेली रक्कम जवळच्याच एका सायकलवाल्याकडे ठेवली. सायकल बिघडली की त्याने दुरुस्त करायची, हिशेब ताईंनी ठेवायचा.

2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत. आम्ही सगळ्यांसाठी एकच वस्तू घेऊन निघालो होतो.

निघताना त्या खुर्चीवाल्या मुलाच्या आईने विचारले, “परत येणार न?” पुढच्या जूनमध्ये आमच्यातले दोघे एस. टी.ने जाऊन आले. या वेळी सायकली नव्हत्या. सोबत होते टायर, ट्यूब आणि चेनचे सुटे भाग. ताईंनी ते फोनवर आधीच लिहून दिले होते.